नेमल्या दिवशीचा आनंद

हा अंक हाती पडेल तेव्हा वाचकांच्या घरी फराळाचे डबे भरलेले असतील, अंगणात रांगोळीची जागा सारवून ठेवलेली असेल. पण जवळपास प्रत्येक गल्लीत एखादे घर असे असते की ज्याच्या दारावर यंदा आकाशकंदील चढत नाही. वर्षाच्या आत घरातले कोणी गेलेले असते. त्या घरातून तळणाचा वास येत नाही. शेजारणीच झाकलेले ताट नेऊन देतात. मग आप्तांपैकी कोणी वडीलधारे येतात, घरच्या बाईच्या हातावर गोडाचा घास ठेवतात आणि म्हणतात, "घ्या बाई, सण सोडून कसे चालेल?" ती डोळे पुसते आणि घास तोंडात घालते.

त्या क्षणी तिला आनंद झालेला असतो काय? मुळीच नसतो. मग तो घास खोटा म्हणायचा काय?

प्रश्न लहान दिसतो, पण तसा नाही. हल्लीच्या शिकलेल्या माणसाला वाटते की भावना ही आतून, आपोआप यावी. तारीख पाहून आनंद करायचा आणि पंचांग पाहून शोक करायचा हा सगळा देखावा आहे, मन लागेल तेव्हा माणसाने देवाचे नाव घ्यावे आणि न लागेल तेव्हा गप्प बसावे, त्यात प्रामाणिकपणा आहे. या म्हणण्यात जोर आहे हे मी नाकारीत नाही. मात्र मी ज्या घरात वाढलो तेथे हा प्रश्न दिवाळीच्या दाराने न येता दुसऱ्याच दाराने आला. आमचे घर खानदेशातले ख्रिस्ती घर. आमच्याकडे वर्षाला एक निराळेच पंचांग असते, आणि त्या पंचांगात दिवसादिवसाला केवळ सण नेमलेले नसतात, त्या दिवशी पवित्र शास्त्रातला कोणता उतारा वाचायचा तेही नेमलेले असते.

बहुतेक वाचकांना या पंचांगातले दोनच दिवस ठाऊक असतात, नाताळ आणि गुड फ्रायडे. तेही शाळा-कचेऱ्यांना सुटी असते म्हणून. तेव्हा थोडे सांगणे भाग आहे. चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या जवळात जवळ जो रविवार येतो त्या दिवशी ते सुरू होते, म्हणजे दिवाळी उलटून दोन ते सहा आठवड्यांनी. पहिले चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. मग नाताळ. पुढे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास राखेचा बुधवार; त्या दिवशी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ आरंभतो. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, मग क्रुसाचा शुक्रवार, मग पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे ईस्टर. ईस्टरपासून पन्नास दिवस आनंदाचे, आणि त्यांच्या शेवटी पवित्र आत्म्याचा सण, पेंटेकॉस्ट. तेथून पुढे नोव्हेंबरअखेरपर्यंत जो लांबलचक काळ पसरलेला असतो त्याला सरळ 'सामान्य काळ' असेच नाव आहे. मला हे नाव फार आवडते. वर्षाचा निम्मा भाग सामान्य असतो हे कबूल करणारे पंचांग विश्वासू वाटते.

यातली एक मौज मराठी वाचकाला चटकन कळेल. नाताळ संक्रांतीच्या जातीचा आहे, तो सूर्याच्या हिशेबाने दरवर्षी त्याच तारखेला येतो. ईस्टर मात्र होळी-दिवाळीच्या जातीचा. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान मागेपुढे होतो. बहुधा ती चैत्री पौर्णिमा असते, म्हणजे हनुमानजयंती झाली की पुढचा रविवार ईस्टरचा. एखाद्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमाच लागू पडते. २००८ साली २१ मार्चला गुड फ्रायडे होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटायची होती. एकाच गावात एका घरी क्रुसापुढे मौन आणि शेजारी बोंबा, असा तो दिवस. कोणी कोणावर रागावल्याचे मात्र मी ऐकले नाही.

हे पंचांग घडले भूमध्य समुद्राच्या काठी. तेथला पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतचा, आणि उन्हाळा कोरडा. वल्हांडणाच्या सुमारास तेथे जव कापणीला येतो आणि पेंटेकॉस्टच्या सुमारास गहू. आमच्या खानदेशात ईस्टर येतो तोवर गहू खळ्यातून घरात आलेला असतो, रानात फक्त धसकटे उरतात आणि ऊन असे की जळगाव-भुसावळचा आकडा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर यावा. पेंटेकॉस्ट मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत केव्हातरी पडतो. त्या दिवशी वाचायचा उतारा असा की शिष्य एका घरात जमले होते आणि एकाएकी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला. धर्मोपदेशक या वाऱ्याचे मोठे गोड वर्णन करतात. पण रावेर-यावल भागातल्या केळीवाल्यापुढे हा उतारा वाचून पाहा. त्याच पंधरवड्यात उठणारा वादळी वारा म्हणजे काय ते त्याला माहीत असते. घडाने लवलेली उभी बाग तासाभरात आडवी होते. देवाचा आत्मा वाऱ्यासारखा आला हे ऐकून तो जो दचकतो तो दचकणे मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा खरे वाटते. मूळच्या त्या घरातली माणसेही प्रथम भ्यालीच असणार.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खानदेशातले सगळे ख्रिस्ती लोक हे पंचांग पाळतात असे नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याच सुमारास या दोन्ही भागांत अमेरिकेतून आलेल्या मिशनांचे काम रुजत होते. पूर्वेकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, पश्चिमेकडे नवापूरच्या बाजूला भिल्ल-मावची लोकांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. या मिशनांच्या परंपरेत दिवसवार नेमलेल्या वाचनांना थारा नव्हता. नाताळ, शुभ शुक्रवार, ईस्टर एवढे सोडले तर पाळकाने प्रार्थना करावी आणि मंडळीची गरज पाहून उतारा निवडावा, अशी पद्धत. भुसावळ हे रेल्वेचे मोठे ठाणे. तेथल्या वसाहतीत इंग्रज, अँग्लो-इंडियन आणि गोवेकर नोकरांबरोबर अँग्लिकन आणि रोमन कॅथॉलिक उपासना आल्या, आणि त्यांच्याबरोबर नेमलेल्या वाचनांचे कोष्टक आले. १९६९ च्या आगमनकाळापासून कॅथॉलिकांचे हे कोष्टक रविवारांपुरते तीन वर्षांच्या फेऱ्याचे झाले. पुढच्याच वर्षी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास अँग्लिकन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट इत्यादी मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

माझ्या स्वतःच्या घरात या दोन्ही रीती नांदल्या. आईचे माहेर पाळकाने निवडण्याच्या पंथातले, वडिलांचे घर कोष्टकाच्या पंथातले. वाद व्हायचे ते जेवताना. आई म्हणायची, "ज्या घरात मयत झाली त्या घरच्या माणसाला आनंदाचा उतारा ऐकवायचा, का तर कोष्टकात लिहिले आहे म्हणून? देवाला कोष्टक कळते, माणूस कळत नाही?" वडील भाकरी मोडीत म्हणायचे, "माणसाला आपल्याला काय ऐकायचे ते नेहमी कळते असे तुला वाटते का?" मग बराच वेळ कोणी बोलत नसे.

नेमून दिलेल्या वाचनाची कल्पना काही ख्रिस्ती लोकांचीच नव्हे. श्रावणातल्या कहाण्या वारावर बांधलेल्या असतात. रविवारी आदित्यराणूबाईची, सोमवारी महादेवाची. आज मला मन लागत नाही, बुधवारची कहाणी सोमवारी सांगा, असे कोणी म्हणत नाही. पण खानदेशापुरते बोलायचे तर याचे सर्वांत मोठे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगात घडले. १९३२ साली विनोबा भावे तेथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो लिहून घेतला. अठरा रविवार, अठरा अध्याय. श्रोते कैदी, कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या जमिनीवर जप्ती, कोणाची सुटका लांबलेली. त्यांपैकी कोणाच्या मनाची त्या त्या रविवारी काय स्थिती होती हे पाहून अध्याय ठरलेला नव्हता. पहिला विषादाचा म्हणून पहिला, मग दुसरा. एखाद्याला त्या दिवशी बाराव्याची गरज असेल, त्याच्या वाट्याला पाचवा आला. तरी त्या प्रवचनांनी मराठी माणसाला जे दिले ते मुद्दाम निवडून दिलेल्या सांत्वनाने क्वचितच दिले आहे.

मी कुतूहलाने त्या वर्षाचे चर्चचे पंचांग मांडून पाहिले. विनोबांचे पहिले प्रवचन उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी झाले. त्या वर्षी ईस्टर २७ मार्चला होता. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात सहावा अध्याय, ध्यानयोग, चालला होता. पेंटेकॉस्ट १५ मे, त्या दिवशी तेरावा. यात गूढ काही नाही, योगायोग आहे, आणि तसा असण्याचे कारणही साधे आहे: प्रवचनाला रविवार मिळाला. या रविवारच्या सुटीचा उगमही एका धर्माच्या पंचांगातच आहे. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली ती मिळवून देताना नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही बजावले होते. नेमलेला दिवस एकदा का माणसांच्या हाती आला की तो कोणा एकाचा राहत नाही.

असो. आईच्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळत नाही. तिच्या प्रश्नाला खरी धार कशी येते ते मला पावसाळ्यात कळले.

सामान्य काळात धर्मगुरू हिरवी वस्त्रे घालतात. पॅलेस्टाइनमध्ये त्या दिवसांत डोंगर करपलेले असतात. आमच्याकडे मात्र रान खरोखर हिरवे असते, निदान असायला हवे. तीन वर्षांच्या फेऱ्यातले जे मत्तयाचे वर्ष, त्यात जुलैच्या मध्यास पेरणाऱ्याचा दृष्टांत वाचायला येतो आणि पुढच्या रविवारी गव्हातल्या निदणाचा. ज्यांनी कोष्टक केले त्यांना खानदेश नकाशावरही दाखवता आला नसता, पण पेरणीच्या दिवसांत पेरणी आणि निंदणीच्या दिवसांत निंदणी असे ते आमच्या शेताला चपखल बसले आहे. दृष्टांत साधा आहे. पेरणारा बी फेकतो. काही वाटेवर पडते, काही खडकाळीत, काही काट्यांत, आणि काही चांगल्या मातीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट येते. आमच्या शेतकऱ्याला पहिल्याच वाक्याला हसू येते. तो पाभरीने पेरतो, सरकी तर एकेक करून टोबतो. वाटेवर बी टाकणारा हा कोण उधळ्या?

पण सगळ्याच वर्षी हसू येत नाही. मिरगाच्या भरवशावर, कित्येकदा त्याच्याही आधी धुळीतच, कपाशी लावलेली असते. एक सर येते, कोंब वर येतात, आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे. कोंब माना टाकतात. बियाण्याची पिशवी उधारीवर आणलेली असते. दुबार पेरणीसाठी दुसरी पिशवी पुन्हा उधारीवर आणायची असते. अशा एका जुलैत मी उपासनेला बसलो होतो आणि त्या रविवारी तोच उतारा आला. माझ्या पुढच्या बाकावर एक शेतकरी बसले होते, आम्ही त्यांना काका म्हणत असू. मत्तयाच्या शुभवर्तमानात या दृष्टांताचा अर्थही लगेच दिलेला आहे: माती म्हणजे ऐकणाऱ्याचे अंतःकरण. बी वाया गेले, कारण माती वाईट होती. उपासना संपल्यावर काका बाहेर आले, चपला घातल्या आणि कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले, "जमीन चांगलीच होती. पाणीच नाही आलं."

एवढे म्हणून ते गेले. शास्त्रावर इतकी नेमकी टीका मी कोणत्याही पंडिताच्या तोंडून ऐकलेली नाही.

आता, पाळकाने त्या दिवशी दुसरा उतारा घ्यायला हवा होता काय? आईच्या माहेरच्या रीतीने त्याने नक्की घेतला असता. मेंढपाळाचे स्तोत्र घेतले असते, आकाशातल्या पाखरांचा उतारा घेतला असता. आणि त्यात दयाळूपणा आहे. तरीही मी पुष्कळ विचार केला आणि मला वडिलांची बाजू घ्यावीशी वाटते, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. माझे कारण असे. निवडून आणलेल्या सांत्वनाला रोख असतो. सगळी मंडळी ओळखते की हे आज कोणासाठी वाचले. ज्याच्यासाठी वाचले त्याला तर पहिल्या ओळीलाच कळते. मग त्याला सांत्वन झाल्यासारखे तोंड करून बसावे लागते, आणि ढोंग सुरू होते ते येथे. नेमलेल्या उताऱ्याचा रोख कोणावरच नसतो. तो आला कारण त्याचा रविवार आला. म्हणून त्याच्याशी भांडता येते. काका पाळकाशी भांडले नाहीत, मंडळीशी नाही, ते थेट दृष्टांताशी भांडले आणि घरी गेले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आपल्या बाकावर होते. त्यांच्यासाठी मुद्दाम निवडलेल्या स्तोत्राशी त्यांना असे भांडता आले असते असे मला वाटत नाही. ते कृतघ्नपणाचे ठरले असते.

पाळकाला हे स्वातंत्र्य देण्याचा दुसरा धोका याहून मोठा आहे. निवडणारा माणूस चांगला असला तरी वर्षानुवर्षांत त्याचे आवडते दहा-वीस उतारेच फिरून फिरून येऊ लागतात, आणि काही कधीच येत नाहीत. तीन वर्षांतून एकदा, सप्टेंबरच्या अखेरीस, याकोबाच्या पत्रातला एक उतारा कोष्टकात येतो. त्यात श्रीमंतांना सांगितले आहे की तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे, आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे. आमच्या पश्चिम भागात सप्टेंबर म्हणजे काय ते मुकादमाला विचारा. धुळे आणि १९९८ साली त्यातून निघालेला नंदुरबार, या जिल्ह्यांतून हजारो आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. पावसाळ्यात घरात दाणे संपलेले असतात त्याच वेळी मुकादम उचल देतो, आणि ती उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचे दोन्ही कोयते बांधले जातात. मुकादम ख्रिस्तीही असू शकतो; पुढच्या बाकावर बसू शकतो, इमारत निधीला सगळ्यांत मोठी देणगी त्याचीच असू शकते. त्याच्या तोंडावर याकोबाचा तो उतारा आपण होऊन निवडील असा पाळक मला दाखवा. असतील, पण थोडे असतील. कोष्टकाला मात्र मुकादमाचा चेहरा दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल, वाचून काय होते? मुकादम ऐकतो, आमेन म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी उचलीची वही उघडतो. खरे आहे. हा आक्षेप तर शास्त्राच्या पोटातच आहे. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी सणांवर आणि उपासांवर जे कोरडे ओढले आहेत तसे एखाद्या नास्तिकानेही ओढले नसतील. देवाला तुमच्या सणांचा वीट आला आहे, म्हणतात ते. उपास करायचा तर जुवाची बंधने सोडा, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या. आणि यशयाचा हा उपासावरचा उतारा कॅथॉलिक कोष्टकात केव्हा येतो? राखेच्या बुधवारनंतर दोनच दिवसांनी, उपासाचा नुकता आरंभ झालेला असताना. सणालाच सणाच्या विरुद्ध साक्ष द्यायला लावणारी ही योजना ज्याने केली त्याला माणसांची चांगली पारख होती. नाताळाचेही तसेच आहे. आमच्या घरोघर करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अगदी तुमच्या दिवाळीसारखा फराळ झालेला असतो, थंडीत वांग्याचे भरीत रंगात आलेले असते, आणि तिसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस येतो. आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या आणि सांत्वन करून न घेणाऱ्या राहेलीचे नाव त्या दिवशी वाचले जाते. डब्यातला फराळ संपायच्या आत. मला लहानपणी याचा राग येई. आता वाटते, त्या तीन दिवसांत ज्या घरात लेकरू गेले असेल त्या घरच्या आईला सगळ्या नाताळात हाच एक दिवस आपला वाटत असेल.

मग आनंदाच्या दिवसांत ज्यांच्यावर दुःख कोसळते त्यांचे काय? या प्रश्नाशी माझ्या मनात दोन मराठी नावे जोडलेली आहेत. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. धरणगावच्या ठोंबऱ्यांचा एक पोरसवदा मुलगा तेथे कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' होऊन परतला. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला. ज्याच्या कवितेत आनंदाला सीमा नाही असा हा कवी ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून गेला. तो दिवस रविवार होता, ईस्टरनंतरचा पाचवा. म्हणजे चर्चच्या पंचांगाप्रमाणे पन्नास दिवसांचा आनंदकाळ चालू होता. पुढच्या वर्षी ९ मे १९१९ रोजी खुद्द टिळक मुंबईस वारले; त्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता, म्हणजे तेही त्याच आनंदकाळात. टिळक ज्या काँग्रिगेशनल परंपरेतले होते तिच्यात या दिवसांचा फारसा कडक हिशेब नसतो, आणि लक्ष्मीबाईंनी तो मांडला असेल असे मी सुचवीत नाही. पण टिळकांनी आरंभिलेले आणि अर्धेही न झालेले 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागे या बाईंनी हाती घेतले आणि वर्षानुवर्षे लिहीत नेले. ख्रिस्ताची कथा क्रमाने लिहायची म्हणजे जन्माचा अध्याय जन्माच्या जागी आणि मरणाचा मरणाच्या जागी. लिहिणारीचे मन त्या दिवशी कोठे आहे, हे कथा विचारीत नाही. ती ओवीमागून ओवी लिहितच राहिली.

सुरुवातीला ज्या बाईने गोडाचा घास घेतला तिच्याकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो. तिने आनंद झाल्याचे सांगितलेले नाही. कोणी विचारलेलेही नाही. दिवस आला, माणसे आली, तिने तोंड उघडले. मात्र वडीलधाऱ्यांनी तेवढ्यावर थांबावे. "आता हसा पाहू," असे जो म्हणतो तो सणाचे काम आपल्या हाती घेतो, आणि तेथे माझ्या आईचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरते. पंचांगाला बोलावण्याचा अधिकार आहे. आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय असावे हे सांगण्याचा नाही.

पण बोलावूनही ज्यांना येता येत नाही त्यांच्यापुढे हे सगळे विवेचन अपुरे पडते. दिवाळी झाली की नवापूरच्या बाजूच्या गावांतून ट्रक भरू लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, कडेवरची मुले आणि कोयते. ऊस तोडला की तो लवकरात लवकर कारखान्यात पोचावा लागतो, म्हणून फडाला नाताळची सुटी नसते. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, यशयाचा तो बंधने सोडण्याचा उतारा, सगळे त्यांच्या माघारी होऊन जाते. होळीला जे परत येतात तेही कित्येकदा चार दिवसांपुरते. ज्यांच्या मजुरीबद्दल याकोबाने लिहिले त्यांच्या वाट्याला वर्षातला फक्त सामान्य काळ तेवढा गावी येतो. फडावरच्या कोपीत पाचटाच्या भिंतीला वाती लावून नाताळची गाणी म्हणणारी कुटुंबे असतात. त्यांच्याजवळ कोष्टक नसते, पाठ असलेले असते तेवढेच.

गावात मंदिराची घंटा मात्र आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीही वाजते. बाकांवर म्हातारी माणसे असतात आणि त्यांच्याजवळ ठेवून गेलेली शाळेतली मुले. मत्तयाच्या वर्षी त्या दिवशी नेमलेला उतारा जागे राहण्याविषयीचा आहे. त्यात शेतात काम करणारे दोघे आहेत, त्यांतला एक नेला जातो आणि एक मागे राहतो. जात्यावर दळणाऱ्या दोघी आहेत, त्यांचेही तसेच होते. वाचणारा वाचतो, म्हाताऱ्या ऐकतात. त्यांपैकी काहींच्या मांडीवर सुनेने मागे ठेवलेले नातवंड झोपलेले असते.